दोन किलोंचे घर

बारामती, जळोची, काटेवाडी, इंदापूर या पट्ट्यातल्या माणसाला ओझ्याचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे चाऱ्याच्या दिशेने वाट धरतात. पुढे मेंढरे, मागे घोडी, आणि घोड्यांच्या पाठीवर अख्खा संसार. भांडी, पीठ, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि चालून दमलेली पोरे. त्या संसारात घर मात्र नसते. रात्री उघड्यावर पथारी पडते. पावसापाण्याची चाहूल लागलीच तर एखादे पाल ताणले जाते. खरे काम करते ती घोंगडी. तीच अंथरूण, तीच पांघरूण, आणि पाऊस आला की डोक्यावर घ्यायची खोळही तीच. एका वस्तूने तीन कामे करायची आणि उरलेल्या दोन वस्तू घोड्याच्या पाठीवर चढूच द्यायच्या नाहीत, हा त्यांचा हिशेब. आषाढात याच रस्त्याने तुकोबांची पालखी जाते. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी पाहिली तर तिथेही हाच हिशेब दिसतो.

हे आठवायचे कारण असे, की आता आपल्या घरांतली मुलेमुली वेगळ्या वाटेने याच प्रश्नापाशी येऊन पोचली आहेत. शनिवारी पाठीवर सॅक टाकायची, सह्याद्रीतला एखादा गड गाठायचा, रात्र डोंगरात काढायची आणि रविवारी संध्याकाळी घरी यायचे, हा छंद पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. त्यातला एखादा एकट्याने जायचे म्हणतो, आणि मग घरात चर्चा सुरू होते ती एका माणसापुरत्या हलक्या तंबूची. दुकानात गेले की वजनांचे, कापडांचे, दांड्यांचे आकडे कानांवर आदळतात. एक तंबू तीन किलोंचा आणि स्वस्त, दुसरा एक किलोचा आणि तिप्पट महाग. आई विचारते, वाऱ्याने उडून तर जाणार नाही ना? वडील विचारतात, एवढ्याशा कापडाला एवढे पैसे कशाचे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे आकड्यांपेक्षा एका माणसाच्या आयुष्यात जास्त चांगली सापडतात. तो माणूस जाऊन सव्वाशे वर्षांवर काळ लोटला. गिर्यारोहणाच्या जगात त्याचे नाव एका कड्याला आहे, एका कपारीला आहे आणि एका तंबूलाही आहे. त्याचे नाव ॲल्बर्ट फ्रेडरिक ममरी.

चामड्याच्या कारखान्यातला मुलगा

ममरीचा जन्म १० सप्टेंबर १८५५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डोव्हर गावाजवळ झाला. वडिलांचा चामडे कमावण्याचा कारखाना होता. पैसा बेताने बरा, गावात मान मोठा. वडील डोव्हरचे महापौरही झाले होते. मुलगा मात्र अशक्त निघाला. पाठीचा कणा जन्मापासून कमजोर, आणि नजर अधू, इतकी की जाड भिंगांच्या चष्म्याशिवाय चालत नसे. पाठीवर जड ओझे घेणे त्याला आयुष्यभर जमले नाही. अशा मुलाला पाहून घरातल्या कोणी त्याचे भविष्य वर्तवले असते, तर ते कारखान्याच्या वहीखात्यापाशी थांबले असते.

पण वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो आल्प्समध्ये गेला आणि त्याने मॅटरहॉर्न पाहिला. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा हा सुळका त्या काळी साऱ्या युरोपच्या तोंडी होता. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर या इंग्रज चित्रकाराने तो पहिल्यांदा सर केला आणि उतरताना त्याच्या सात जणांच्या तुकडीतले चौघे दरीत कोसळून मेले. विजय आणि मृत्यू एकाच दिवशी आल्याने त्या पर्वताभोवती भयाचे आणि आकर्षणाचे एक वलय तयार झाले होते. ममरी त्या वलयात सापडला तो कायमचाच.

३ सप्टेंबर १८७९ रोजी, चोविसाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, त्याने मॅटरहॉर्नची झ्मुट ही कडेधार प्रथमच चढून दाखवली. बरोबर ॲलेक्झांडर बुर्गेनर हा त्या काळचा नामांकित स्विस वाटाड्या होता. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, शामोनीजवळचा ग्रेपाँ हा दगडी सुळका त्याने सर केला. त्या वाटेवरची एक उभी कपार आजही ममरीची कपार म्हणून ओळखली जाते. कणा कमजोर असलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाने हे केले हे ध्यानात घेतले, की शरीराविषयीच्या आपल्या कल्पना थोड्या सैल होतात. त्याच्याकडे बळ कमी होते. तोल, हिंमत आणि बारीक विचार भरपूर होता.

इतके करूनही लंडनच्या अल्पाइन क्लबने १८८० मध्ये त्याला सदस्यत्व नाकारले. त्या क्लबात वकील, धर्मगुरू, प्राध्यापक अशा मंडळींचा भरणा. चामड्याचा धंदा करणारा माणूस त्यांच्या पंक्तीला कसा बसावा, हेच नकाराचे कारण असल्याचे बोलले गेले. पुढे १८८८ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. मधली आठ वर्षे त्याने क्लबाच्या दारात उभे राहून घालवली नाहीत. तो चढत राहिला.

सरळ मार्ग आणि रेशमी कापड

ममरीच्या स्वभावातली एक गोष्ट त्याच्या तंबूकडे घेऊन जाते. १८८० मध्ये त्याने माँ ब्लाँच्या परिसरातल्या दाँ द्यु झेआँ या सुळक्यावर प्रयत्न केला. एका ठिकाणी खडक इतका गुळगुळीत लागला की मेखा ठोकल्याशिवाय आणि दोर अडकवल्याशिवाय पुढे जाणे अशक्य. ममरी परत फिरला आणि सरळ मार्गाने हा सुळका चढण्याजोगा नाही, अशा अर्थाची चिठ्ठी तिथे ठेवून आला. दोन वर्षांनी दुसऱ्यांनी मेखा ठोकून, दोर बांधून तो सर केला. ममरीला त्याचे वाईट वाटल्याचे दिसत नाही. डोंगराशी सामना करताना माणसाने आपल्या हातापायांच्या आणि डोक्याच्या बळावर करावा, साधनांचा डोंगर उभारून खऱ्या डोंगराला बुटके करू नये, हा त्याचा दंडक होता.

आता त्या काळातला तंबू पाहा. व्हिम्परने १८६१-६२ च्या सुमारास मॅटरहॉर्नसाठी स्वतः तंबू तयार केला होता. चार मजबूत लाकडी दांडे, जाड कापड, खाली पाणी न शिरणारी बैठक. आत चार माणसे झोपू शकत. त्या काळच्या मानाने तो अत्यंत सुटसुटीत होता आणि पुढे कित्येक वर्षे मोहिमांवर तो नमुना वापरला गेला. पण त्याचे वजन दहा किलोंच्या घरात होते. म्हणजे तंबूसाठी एक ओझेवाला, त्या ओझेवाल्याच्या जेवणासाठी आणखी सामान, आणि त्या सामानासाठी आणखी एक ओझेवाला. संसार वाढतो तो असा.

ममरीने हा गुंता उलट्या टोकाकडून सोडवला. गिर्यारोहकाच्या हातात हिमकुऱ्हाड असतेच. बर्फात पायऱ्या खोदायच्या, तोल सांभाळायचा, घसरलो तर रोवून थांबायचे, यासाठी ती लागतेच. मग रात्री तीच दांडा का होऊ नये? एका टोकाला एक कुऱ्हाड उभी, दुसऱ्या टोकाला दुसरी, मध्ये कापड ताणलेले, कडेला तणावे. लाकडी दांडे रद्द झाले. कापड घेतले ते रेशमी. पातळ, पण ताणाला पक्के. लंडनच्या बेंजामिन एजिंग्टन या तंबूवाल्यांनी तो तंबू शिवला आणि विकला. वजन दोन किलोंच्या आत. दोन माणसे एकमेकांना चिकटून झोपतील एवढीच जागा. ताठ बसायचे म्हटले तर डोके कापडाला लागणार. चैन अजिबात नाही. पण वारा अडतो, बर्फ अंगावर पडत नाही आणि सकाळी गुंडाळून पाठीवर टाकला की तो आहे हे विसरायला होते.

धनगराची घोंगडी आणि ममरीची कुऱ्हाड यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे. पण विचार एकच. ओझे कमी करण्याचे दोन मार्ग असतात. वस्तू पातळ करणे हा पहिला. जी वस्तू बरोबर आहेच तिला दुसरे काम देणे हा दुसरा, आणि तो अधिक शहाणपणाचा. आज बाजारात मिळणाऱ्या सर्वांत हलक्या तंबूंपैकी बरेचसे ममरीच्याच युक्तीवर उभे असतात. त्यांत वेगळा दांडा नसतो. चालताना हातात धरायच्या काठ्याच रात्री खांब होतात. रेशमाची जागा सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनने घेतली आहे, एवढाच फरक.

या हलक्या तंबूने ममरीला मोकळे केले. १८८८ मध्ये तो एकाच वाटाड्याला घेऊन रशियातल्या कॉकेशस पर्वतात गेला आणि दिख-ताऊ हे ५,२०५ मीटरचे शिखर प्रथम चढला. तिकडे आल्प्ससारख्या विश्रांतीच्या झोपड्या नव्हत्या. जिथे अंधार पडेल तिथे घर करावे लागे. नव्वदीच्या दशकात तर त्याने वाटाड्यांनाही रजा दिली आणि जेफ्री हेस्टिंग्ज, नॉर्मन कॉली यांसारख्या मित्रांबरोबर आपल्या जबाबदारीवर मोठमोठ्या चढाया केल्या. १८९४ मध्ये या तिघांनी माँ ब्लाँची ब्रेन्वा ही अवघड बाजू वाटाड्यांशिवाय पार केली.

बचतीचा शत्रू

ज्याने बँकेच्या खिडकीमागे उमेदीची वर्षे काढली, लोकांना ठेवी ठेवा म्हणून सांगितले, त्याला ममरीच्या आयुष्यातला पुढचा भाग विशेष गमतीचा वाटतो. हा चामड्याचा कारखानदार अर्थशास्त्रज्ञही होता. जॉन हॉब्सन या तरुण शिक्षकाशी त्याची मैत्री झाली आणि दोघे तासन् तास वाद घालू लागले. ममरीचे म्हणणे, समाजाने गरजेपेक्षा जास्त बचत केली तर मालाला गिऱ्हाईक उरत नाही, कारखाने थंडावतात आणि बेकारी येते. काटकसर हा सद्गुण मानणाऱ्या त्या जमान्यात हे बोलणे जवळजवळ पाखंड होते. हॉब्सनने आधी कडाडून विरोध केला. पण शेवटी त्यालाच ते पटले. १८८९ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. त्याची शिक्षा हॉब्सनला भोगावी लागली. लंडनच्या विद्यापीठाच्या बहिःशाल वर्गात अर्थशास्त्रावर व्याख्याने देण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. पुढे १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्सने आपल्या गाजलेल्या ग्रंथात या विस्मृत पुस्तकाची सविस्तर दखल घेतली आणि अर्थविचाराच्या इतिहासात त्याला मानाचे पान दिले. तोवर ममरीला जाऊन एकेचाळीस वर्षे झाली होती.

समाजाने फार बचत करू नये असे सांगणारा हा माणूस स्वतःच्या पाठीवरचे तोळा तोळा वजन वाचवत होता. वरवर यात विसंगती दिसते, पण ती नाही. साठवणूक ही साध्य नव्हे, हाच दोन्हीकडचा विचार. पैसा साठून पडला तर तो मरतो. सामान साठले तर चालणारा थांबतो. बरोबर काय घ्यायचे याला मोजमाप एकच, ते वापरले जाणार आहे का?

घरातही त्याने मोकळेपणा ठेवला. १८८३ मध्ये मेरी पेथरिकशी त्याचे लग्न झाले. त्या काळच्या बायकांनी डोंगर पायथ्याच्या हॉटेलातून पाहावा अशी रीत होती. मेरी नवऱ्याबरोबर दोरावर चढली. १८८७ मध्ये टॅशहॉर्न शिखराची एक भयानक कडेधार, जिला तिकडचे लोक सैतानाची धार म्हणतात, ती प्रथम पार करणाऱ्या तुकडीत मेरी होती. ममरीचे आत्मकथनपर पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातले या चढाईचे प्रकरण मेरीने लिहिले होते. विनोदाची बारीक झालर असलेले ते पुस्तक आजही गिर्यारोहक आवडीने वाचतात. त्या पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच ममरी हिंदुस्थानच्या वाटेला लागला.

नंगा पर्वत

१८९५ पर्यंत जगातल्या आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी एकावरही कोणी गंभीर प्रयत्न केलेला नव्हता. एवढ्या उंचीवर हवा विरळ झाल्यावर शरीराचे काय होते, हिमकडे किती मोठे कोसळतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ममरी, कॉली आणि हेस्टिंग्ज या तिघांनी काश्मीरच्या पलीकडचा, ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वत निवडला. जुलैच्या सुरुवातीला ममरी आणि कॉली मुंबई बंदरात उतरले, आगगाडीने रावळपिंडीला गेले आणि तिथून पुढे डोंगरवाटांनी निघाले. गुरखा पलटणीतला चार्ल्स ब्रूस हा तरुण अधिकारी काही दिवस त्यांच्यात सामील झाला. पुढे १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांचे नेतृत्व याच ब्रूसकडे आले. त्याने आपले दोन गुरखा शिपाई मोहिमेला दिले. रघुबीर थापा आणि गोमन सिंग.

नंगा पर्वताची दक्षिणेकडची रूपल बाजू म्हणजे जगातल्या सर्वांत उंच भिंतींपैकी एक. ती पाहूनच तिघांनी नाद सोडला आणि वळसा घालून पश्चिमेच्या दियामीर बाजूला आले. तिथे दोन हिमप्रवाहांच्या मधून वर जाणाऱ्या खडकाळ फासळ्या ममरीला दिसल्या. आल्प्समध्ये सवयीचा झालेला त्याचा डोळा म्हणाला, वाट इथेच आहे. ऑगस्टमध्ये ममरी आणि रघुबीर त्या फासळ्यांवरून सुमारे ६,१०० मीटरपर्यंत पोचले. शिधा वर नेऊन ठेवत, छोट्या तंबूत, खडकाच्या बेचक्यात रात्री काढत त्यांनी ती मजल मारली. तिथे रघुबीर आजारी पडला. ममरी क्षणभरही न रेंगाळता त्याला घेऊन खाली उतरला. शिखर समोर होते, हवामान हाताशी होते. तरी त्याने माणूस निवडला. त्याच्या आयुष्यातला हा निर्णय त्याच्या कोणत्याही चढाईपेक्षा मोठा मानावा लागेल.

मग त्याने बेत बदलला. उत्तरेच्या राखिओत बाजूने वाट शोधायची ठरली. कॉली आणि हेस्टिंग्ज जड सामान आणि ओझेवाले घेऊन खालून लांबच्या रस्त्याने वळसा घालणार, आणि ममरी दोन गुरख्यांसह थेट वरची खिंड ओलांडून पलीकडे उतरणार. हलक्या माणसाने जवळची वाट घ्यावी, यात त्याच्या दृष्टीने काही वावगे नव्हते. २४ ऑगस्ट १८९५ रोजी तिघे खिंडीच्या दिशेने गेले. त्यानंतर त्यांना कोणीही पाहिले नाही. कॉली आणि हेस्टिंग्ज पलीकडच्या खोऱ्यात वाट पाहत राहिले. शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. तिघे हिमलोटाखाली सापडले असावेत असाच सर्वांचा तर्क राहिला. ममरीला चाळीस वर्षे पूर्ण व्हायला अडीच आठवडे उरले होते. घरी मेरी आणि एक लहान मुलगी होती.

तंबू दोषी होता का?

इथे आईने विचारलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. हलके राहण्याच्या हट्टाने ममरीचा घात केला का?

तंबूने केला नाही, हे उघड आहे. हिमलोटापुढे दोन किलोंचा तंबू आणि वीस किलोंचा तंबू सारखेच. किंबहुना त्याच्या मागून आलेल्यांनी त्याचा विचार खोटा ठरवला नाही. ममरी तंबू पुढची कितीतरी वर्षे मोहिमांबरोबर हिमालयात गेले. नंगा पर्वत अखेर ३ जुलै १९५३ रोजी हर्मन बुहल या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने सर केला. शेवटच्या टप्प्यावर तो एकटाच होता. उतरताना अंधार पडला आणि त्याने तंबूशिवाय, खडकाला टेकून उभ्याने रात्र काढली. आणि ऑगस्ट १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर ममरीच्याच दियामीर बाजूने अगदी एकटा, पाठीवर एक चिमुकला तंबू घेऊन, शिखरावर जाऊन परत आला. एका माणसाचा हलका तंबू काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण नाही. पण त्याच बाजूची ममरीच्या नावाची फासळी आजही तितकीच घातक आहे. २०१९ च्या हिवाळ्यात तिथे टॉम बॅलार्ड आणि दानिएले नार्दी हे दोन कसलेले गिर्यारोहक मरण पावले.

ममरीच्या हिशेबात चूक झाली ती वजनाच्या रकान्यात नव्हती. हिमालय म्हणजे थोडा मोठा आल्प्स, हे त्याने गृहीत धरले होते. त्या गृहीताला तपासून पाहणारे ज्ञान तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. जी वस्तू आपण घरी ठेवतो तिची जागा जाणकारीने भरून काढावी लागते. लाकडी दांडा सोडला तर कुऱ्हाडीवर तंबू उभारण्याचे कसब हवे. सोबत सोडली तर आपण कुठे आहोत हे दुसऱ्या कोणाला ठाऊक हवे. ममरीने पहिली भरपाई चोख केली. दुसरी त्या पर्वताने करू दिली नाही.

पहिला तंबू घेताना

आपल्या मुलांना आठ हजार मीटरवर जायचे नाही. पण सह्याद्रीलाही त्याचे नियम आहेत. इथे थंडीपेक्षा वारा आणि दव जास्त छळतात. एकाच पडद्याचा अतिहलका तंबू वजनाला छान. पण हिवाळ्यात आतल्या माणसाच्या श्वासाची वाफ त्याच कापडावर गोठून थेंब होते आणि पहाटे पांघरूण ओले असते. नवख्याने आतला जाळीदार पडदा आणि बाहेरचे वेगळे आच्छादन असा दुहेरी तंबू घ्यावा. दीड-दोन किलोंपर्यंत असा चांगला तंबू मिळतो. म्हणजे ममरीच्या तंबूइतकाच. आमच्या डोंगरमाथ्यावर कातळ फार, मेख आत जात नाही. म्हणून आपल्या दांड्यांवर आपणच उभा राहणारा तंबू पहिल्यांदा सोयीचा; मेखांऐवजी तणावे दगडांना बांधता येतात. काठ्यांवर उभा राहणारा, ममरीच्या जातीचा तंबू दुसऱ्या खरेदीसाठी ठेवावा. तो हलका असतो, पण उभारणाऱ्याकडून कसब मागतो.

दुकानात आकडे वाचण्याऐवजी आत आडवे पडून पाहावे. पाय आणि डोके कापडाला टेकत असतील तर तो आपला तंबू नव्हे. वेष्टनावर लिहिलेल्या वजनात कधी मेखा आणि पिशवी धरलेली नसते. घरच्या काट्यावर सगळे मिळून तोलावे. विकत घेतल्यावर पहिली रात्र गच्चीवर किंवा शेतात काढावी, दिवा मालवून अंधारात तो एकदा उभारावा आणि एकदा पाडावा. पहिल्यांदा जाताना गावाजवळची, वस्तीच्या हाकेच्या अंतरावरची आणि मुक्कामाला परवानगी असलेली जागा निवडावी. कड्याच्या टोकावर, ओढ्याच्या पात्रात आणि एकाकी झाडाखाली तंबू ठोकू नये. कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे घरी कागदावर लिहून ठेवावे. त्या कागदाला वजन नसते, पण बरोबर नेलेल्या सामानात तोच सर्वांत मोलाचा ठरू शकतो.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. एवढ्याशा कापडाचे पैसे कापडाचे नसतात. काय काय गाळून टाकता येईल याचा कोणीतरी केलेला विचार, ताणून पाहिलेली शिवण, फाटून पुन्हा शिवलेले नमुने, यांचे ते पैसे असतात. परवडत असतील तर द्यावेत. नसतील तर एक किलो जास्त वाहायला विशीतली पाठ समर्थ असते. ममरीच्या पाठीला ती मुभा नव्हती.

एक गोष्ट मात्र त्याच्या तंबूबरोबर आठवणीत ठेवायला हवी. मेरीने नवऱ्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती १९०८ मध्ये आपल्या प्रस्तावनेसह काढली; हॉब्सनने तिच्यात मित्राविषयी लिहिले. ममरीचे नाव असे जपले गेले. रघुबीर थापा आणि गोमन सिंग यांच्या घरी कोण होते, त्यांच्या दारात ती बातमी कशी पोचली, यावर कोणी पुस्तक लिहिले नाही. हलक्या तुकडीतही ओझे कोणीतरी उचललेच होते. एका माणसाचा तंबू घेऊन निघालेल्या मुलाने वाटेतल्या वाडीत पाणी मागताना, वाट विचारताना, रात्री कोणाच्या अंगणाशेजारी मुक्काम करताना या दोघांची नावे एकदा मनात आणावीत. ममरीच्या कड्यावर, कपारीवर आणि तंबूवर त्याचे नाव आहे. या दोघांचे कशावरच नाही.